प्रतिकृतींतील फटी : कोणत्या भराव्या व कशा भराव्या



गेल्या डिसेंबर महिन्यांत आपल्या शाळेंत जें हस्तकला-प्रदर्शन भरलें होतें, त्यांतील दोन प्रतिकृति तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. एक होती कोळ्यांच्या होडीची आणि दुसरी वाशीजवळच्या खाडीवरील पुलाच्या एका भागाची. होडी नववींतील एका विद्यार्थिनीनें केली होती व पूल दहावींतील एका विद्यार्थ्यानें. या दोन प्रतिकृति तयार होत असतां फटी भरण्याच्या अगदीं साध्या कामांत जें कांहीं शिकावयास मिळालें, तें इतरांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें. त्यांतील एक धडा विद्यार्थ्यांनीं नव्हे, तर प्रस्तुत लेखकानें घेतला. तो शेवटीं सांगेन.

लहान फट मोठी कां दिसते ?

प्रतिकृति म्हणजे मूळ वस्तूचें ठराविक प्रमाणांत केलेलें लहान रूप. १:१०० हें प्रमाण धरलें म्हणजे मूळ वस्तूवरील एक मीटर अंतर प्रतिकृतींत एक सेंटिमीटर होतें. हा हिशेब सर्वांस ठाऊक असतो. परंतु तोच हिशेब उलट्या बाजूनें फार थोडे जण करितात. दोन तुकड्यांच्या सांध्यांत अर्ध्या मिलिमीटराची फट राहिली, तर 'एवढीशी तर आहे' असें म्हणून आपण ती सोडून देतों. पण तिला शंभरानें गुणून पाहा. मूळ वस्तूवर ती पांच सेंटिमीटर रुंद होते ! घराच्या भिंतीला एवढी फट पडली, तर घरांतील माणसें त्या रात्रीं तेथें निजावयास धजणार नाहींत.

विमानांच्या प्लॅस्टिकच्या संचांवर पुष्कळदां १:७२ हें प्रमाण छापलेलें असतें. त्याचा अर्थ एक इंचास सहा फूट असा आहे. तेथें अर्ध्या मिलिमीटराची फट छत्तीस मिलिमीटरांची होते, आणि पंखाच्या मुळाशीं असली फट असलेलें खरें विमान कोणी आकाशांत नेणार नाहीं. पाहणाऱ्यास हा गुणाकार करावा लागत नाहीं. त्याच्या डोळ्याला कांहींतरी चुकल्यासारखें वाटतें, एवढें पुरे होतें. म्हणून प्रतिकृति जितकी लहान, तितकी सांध्यांची काळजी अधिक, हा पहिला नियम ध्यानांत ठेवावा.

फट कां पडते ?

फट दिसतांच ती बुजविण्यास धांवूं नये. ती कां पडली याचा आधीं शोध करावा. बहुधा कारण पुढील चारांपैकीं एक असतें. पहिलें, कापतांना हात वांकडा गेलेला असतो व दोन कडा एकमेकींस सर्वत्र टेकत नाहींत. दुसरें, सांध्यांत वाळलेल्या सरसाचा गोळा किंवा लांकडाची कपची अडकलेली असते. तिसरें, लांकूड आखडलेलें असतें. लांकूड हवेंतील ओलाव्यानें फुगतें व कोरड्या हवेंत आखडतें, आणि हें फुगणें-आखडणें त्याच्या रेषांच्या दिशेस फार थोडें, परंतु रेषांच्या आडव्या दिशेस पुष्कळ असतें. आपल्याकडे पावसाळ्यांत घट्ट बसणारें दार उन्हाळ्यांत सैल होतें, तें याचमुळें. जुलै महिन्यांत जुळविलेली प्रतिकृति डिसेंबरांत फटी दाखवूं लागली, तर त्यांत नवल नाहीं. चौथें कारण मातीच्या कामांत दिसतें. दिवाळींत किल्ला करणाऱ्या प्रत्येक मुलास हें ठाऊक आहे कीं, संध्याकाळीं गुळगुळीत लिंपलेल्या बुरुजाला सकाळीं भेगा पडलेल्या असतात. मातींतील पाणी उडून गेलें, तेवढी माती आकुंचन पावली.

पहिल्या दोन कारणांवर भराव घालणें हा उपाय नव्हे. वांकडी कड कानशीनें सरळ करावी, अडकलेली कपची काढावी आणि सांधा पुनः जुळवावा. यासाठीं सरस लावण्यापूर्वीं सर्व तुकडे एकदां कोरडेच जुळवून, दोऱ्यानें किंवा चिमट्यानें धरून पाहण्याची संवय ठेवावी. या कोरड्या जुळणीस अर्धा तास लागतो. ती टाळल्यास पुढें चार दिवस घासत बसावें लागतें. चांगल्या सांध्यास भराव थोडाच लागतो, आणि वाईट सांधा कितीही भरावानें चांगला होत नाहीं.

भरावाचीं द्रव्यें

आतां जी फट खरोखरच भरावयाची आहे ती कशानें भरावी, हें पाहूं. येथें एक तत्त्व उपयोगी पडतें : शक्य तोंवर ज्याची वस्तु, त्याचाच भराव. पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें गेलें म्हणजे पेण गांव लागतें. तेथील गणेशमूर्तींचे कारखाने प्रसिद्ध आहेत. सांच्यांतून काढलेल्या शाडूच्या मूर्तीवर जेथें सांच्याचे भाग एकमेकांस मिळतात, तेथें एक उंचवट्याची रेघ उमटते व मधूनमधून खळगे राहतात. कारागीर ती रेघ खरवडून काढतो, खळग्यांत ओली शाडूच भरतो व ओल्या हातानें किंवा कुंचल्यानें ती जागा सारखी करितो. मूर्ति व भराव दोन्ही एकाच मातीचीं असल्यामुळें दोन्ही सारखींच वाळतात व रंगाखालीं सांधा शोधूनही सांपडत नाहीं.

हेंच तत्त्व लांकडास लावावें. ज्या लांकडाची प्रतिकृति, त्याचाच बारीक भुस्सा चाळून पांढऱ्या सरसांत कालवावा व फटींत दाबावा. सरसांतील पाणी उडून जातांना हा भराव थोडा आखडतो, म्हणून तो दोन वेळां भरावा लागतो.

रंगारी लोक जिला 'लांबी' म्हणतात, ती जुन्या पद्धतीनें खडूची भुकटी व अळशीचें तेल मळून करितात. तिचा एक गुण लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ती पाणी उडून वाळत नाहीं. अळशीचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घेतें व त्यायोगें घट्ट होतें. म्हणून लांबीचा जाड थर दिल्यास वरची कातडी आधीं कडक होते, आंतील भागास हवा मिळत नाहीं व तो कित्येक दिवस मऊच राहतो. अशा थरावर रंग दिल्यास पुढें त्याला सुरकुत्या पडतात.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसची गोष्ट निराळी आहे. जिप्सम नांवाचा खनिज पदार्थ तापवून त्यांतील बरेंचसें पाणी घालविलें म्हणजे ही पांढरी भुकटी तयार होते. तींत पाणी मिसळतांच ती तें पुनः आपल्या अंगांत घेते व मिनिटांच्या हिशेबांत घट्ट होते. घट्ट होतांना ती आखडत नाहीं, उलट किंचित् फुगते. म्हणून सांच्याचा बारीकसारीक आकार ती हुबेहूब उचलते. भिंती, डोंगर, किल्ल्याचे तट यांच्या भेगांस ती चांगली. मात्र पातळ लांकडी कडेवर ती टवका होऊन निघून येते.

नळाची गळती थांबविण्यासाठीं घरोघर जी दोन रंगांची एपॉक्सी लांबी मळून लावतात, तीही प्रतिकृतीस चालते. तिचे दोन भाग एकमेकांत मिसळले म्हणजे रासायनिक क्रियेनें घट्ट होतात. त्यांत पाणी उडून जावयाचें नसल्यामुळें आखडणें नाममात्र असतें. मोठ्या खळग्यांस हीच उत्तम. ती हातांनीं मळतांना हातमोजे घालावे.

प्लॅस्टिकच्या संचांतील विमानें जोडणारे कांहीं विद्यार्थी त्याच संचाच्या टाकाऊ चौकटीचे तुकडे त्याच्या द्रावकांत विरघळवून तो घट्ट रस फटींत भरतात. हेंही सजातीय भरावाचेंच उदाहरण होय. परंतु त्या द्रावकाची वाफ अपायकारक व ज्वालाग्राही असते. हें काम वडील माणसाच्या देखत, खिडक्या उघड्या ठेवून व दिव्या-शेगडीपासून दूर करावें. एकट्यानें कधींही करूं नये.

कृति

१. फट कोरड्या कुंचल्यानें साफ करावी. धुळीवर बसविलेला भराव फटीला धरत नाहीं, धुळीला धरतो.

२. फटीच्या दोन्ही बाजूंस कागदी चिकटपट्टी लावावी, म्हणजे भराव शेजारच्या नक्षीवर पसरत नाहीं.

३. पातळ पात्यानें भराव फटीच्या आडव्या दिशेनें दाबावा, म्हणजे तो आंत शिरतो. नंतर फटीच्या लांबीच्या दिशेनें एकदांच पातें फिरवून जास्त झालेला भराव काढून घ्यावा व चिकटपट्टी उचलावी.

४. खोल फट एकाच थरांत भरूं नये. पातळ थर द्यावा, तो पुरता वाळूं द्यावा, मग दुसरा द्यावा. शेवटचा थर पृष्ठभागाहून केसभर उंच असावा, कारण घासतांना तो उतरणार असतो.

५. वाळला कीं नाहीं हें नखानें पाहावें. नखाची खूण उमटली तर आणखी एक दिवस थांबावें. प्रतिकृतीच्या कामांत जितकीं कामें बिघडतात, त्यांपैकीं बहुतेक या एका दिवसाच्या अभावीं बिघडतात.

६. घासण्यास पॉलिशपेपर बोटांखालीं धरूं नये. भराव बहुधा भोवतालच्या लांकडाहून मऊ असतो. बोट त्याच जागीं खोल जातें व फटीच्या ठिकाणीं पन्हळ पडते. कागद एका सपाट लांकडी ठोकळ्यास गुंडाळावा, म्हणजे तो उंच भागावरच चालतो. प्रथम १२० अंकाचा, मग २२० चा व शेवटीं ४०० चा कागद वापरावा. अंक जितका मोठा, तितके कण बारीक. प्लॅस्टिकवर याहून बारीक कागद पाण्यांत भिजवून वापरावा. त्यामुळें भुकटीही उडत नाहीं. कोरडें घासतांना नाकातोंडावर फडकें बांधावें.

७. शेवटीं करड्या रंगाच्या अस्तराचा एक पातळ हात द्यावा. लांकूड, लांबी व सरस यांचे निरनिराळे रंग असतात तोंवर डोळा फसतो. सर्वत्र एकच रंग झाला म्हणजे राहिलेले दोष उघडे पडतात. दिवा समोर न धरतां बाजूनें, पृष्ठभागास जवळजवळ समांतर धरावा. मग केसाएवढी भेगही सावली टाकते. जेथें सावली दिसेल तेथें पुनः पहिल्यापासून आरंभ करावा.

होडीची गोष्ट

वर सांगितलेली होडी १:२० या प्रमाणांत होती. म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटरांची प्रतिकृति नऊ मीटरांच्या होडीची. तिच्या फळ्यांचे सांधे भुस्सा व सरस यांनीं भरून, घासून, आरशासारखे केले होते. परंतु त्या विद्यार्थिनीची हौस अशी कीं, होडी पाण्यावर तरंगलीच पाहिजे. घंगाळांत सोडतांच पांच मिनिटांत होडीनें तळ गांठला, कारण त्या सरसास पाणी सोसत नव्हतें.

तिचे आजोबा बेलापूरजवळच्या दिवाळे गांवचे. आतां तिकडील पुष्कळ होड्या फायबरच्या झाल्या आहेत. तरी लांकडी होडीचें जुनें काम त्यांच्या हातांना आठवत होतें. त्यांनीं नातीस सांगितलें कीं, फळ्यांमधल्या फटींत नुसता लगदा टिकत नाहीं; तेलांत भिजविलेला सुताचा पेळू बोथट पटाशीनें ठोकून बसवावा लागतो व त्यावर राळ द्यावी लागते. आणि तो फार गच्च ठोंसावयाचा नसतो. पाण्यांत गेल्यावर फळ्या फुगतात व सुताला आपोआप चिमटीत धरतात. आधींच जागा ठेविली नाहीं, तर फुगणारी फळी शेजारच्या फळीला रेटून खिळे उखडते. मुलीनें शिवणाचा जाड दोरा तेलाच्या लांबींत बुडवून फटींत बसविला, आठ दिवस वाळविला, वर रंगाचे दोन हात दिले, आणि प्रदर्शनाचे दोन्ही दिवस होडी पाण्यावर राहिली.

ही विद्या लहान नव्हे. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं सागवानी लांकडाची बांधलेली 'त्रिंकोमाली' नांवाची युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत सोडण्यांत आली. ती आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन करून ठेविलेली आहे व अद्याप पाण्यावर आहे. दोनशें वर्षांहून अधिक काळ एखादें लांकडी जहाज टिकतें, त्यांत सागाचा जितका वांटा, तितकाच त्याचे सांधे पुनः पुनः तपासून भरणाऱ्या हातांचा असतो.

पुलाची गोष्ट

आतां माझ्या धड्याकडे वळतों. ठाण्याच्या खाडीवर वाशीजवळ पहिला रस्त्याचा पूल १९७३ सालीं व दुसरा १९९७ सालीं वाहतुकीस खुला झाला. या दुसऱ्या पुलाच्या दीडशें मीटरांच्या तुकड्याची प्रतिकृति आपला विद्यार्थी १:१०० या प्रमाणांत करीत होता. दीड मीटर लांब, पातळ फळ्यांची व पुठ्ठ्याची. काम फार नीटस होतें. प्रदर्शनाच्या चार दिवस आधीं मीं तें पाहावयास गेलों, तों रस्त्याच्या पाठीवर तीन ठिकाणीं आडव्या फटी दिसल्या, प्रत्येक सुमारें अर्ध्या मिलिमीटराची. मीं त्यास वर दिलेलाच गुणाकार ऐकविला. "अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या पुलावर पांच सेंटिमीटर. असला पूल कोण वापरील ? भरून टाक." तो हळूच म्हणाला, "सर, त्या मुद्दाम..." मीं त्याचें वाक्य पुरें होऊं दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं फटी भरलेल्या होत्या, घासलेल्या होत्या, आणि मीं त्याची पाठ थोपटली.

प्रदर्शनाच्या दिवशीं एक पालक, जे स्थापत्य अभियंते आहेत, त्या पुलापाशीं बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनीं प्रेमळपणानेंच विचारलें, "बाळ, मे महिन्याच्या दुपारीं हा पूल वाढेल, तो कोठें जाईल ?"

प्रश्न समजून घ्या. काँक्रीट उष्णतेनें वाढतें. एक अंश तपमान वाढलें म्हणजे त्याची लांबी सुमारें एक लक्षांश वाढते. थंडींतील पहाट व उन्हाळ्यांतील दुपार यांत पुलाच्या अंगच्या तपमानांत वीस अंशांचा फरक पडला असें धरा. शंभर मीटरांचा तुकडा त्यायोगें दोन सेंटिमीटर वाढतो. आणि १८३७ मीटरांचा सबंध पूल एकसंध असता, तर तो सुमारें सदतीस सेंटिमीटर वाढला असता. एवढ्या वाढीस जागा मिळाली नाहीं, तर पूल आपल्याच टेकूंना रेटील व भंगेल. म्हणून रस्त्याच्या पाठीवर ठराविक अंतरांवर कांहीं सेंटिमीटरांचे मोकळे सांधे ठेवितात, व वाहनांसाठीं त्यांवर लोखंडाची किंवा रबराची योजना करितात. ज्या 'पांच सेंटिमीटरां'ना मीं दोष म्हटलें, तेच त्या पुलाचें रक्षण करणारे होते.

विद्यार्थ्यानें उत्तर दिलें नाहीं. तो खालीं पाहत उभा राहिला. उत्तर त्यास येत होतें. रोज मुंबईहून येणाऱ्या बसमध्यें बसून, चाकाखालीं होणारा तो ठराविक 'धडक्-धडक्' आवाज ऐकून त्यानें त्याचें कारण आपणच शोधून काढलें होतें. पण उत्तर दिलें असतें तर शिक्षकाकडे बोट दाखवावें लागलें असतें, तें त्याला नको होतें. तेव्हां मींच पुढें झालों व सांगितलें, "फटी यानें बरोबर ठेविल्या होत्या. त्या मीं भरावयास लाविल्या." अभियंते हंसले व मुलाच्या खांद्यावर त्यांनीं हात ठेविला. त्या संध्याकाळीं शाळा सुटल्यावर आम्हीं दोघांनीं मिळून बारीक करवतीच्या पात्यानें ते तिन्ही सांधे पुनः मोकळे केले. भरलेली फट उघडणें हें भरण्याहून किती अवघड असतें, तें त्या दिवशीं मला कळलें. एका सांध्याची कड जराशी तुटली, ती तशीच राहिली आहे.

तात्पर्य

फट भरण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे : ही फट मूळ वस्तूंत आहे काय ? आणि असेल, तर ती तेथें कां आहे ? विमानाच्या पंखावरील हलत्या भागाची रेषा, दाराची झांप, पुलाचा मोकळा सांधा, रुळांच्या दोन तुकड्यांमधील अंतर, ह्या फटी नव्हेत, त्या वस्तूचें काम आहेत. त्या राखाव्या, किंबहुना भराव सांडून बुजल्या असल्यास पुनः कोरून काढाव्या. आणि ज्या खरोखर चुकीच्या आहेत, त्या धीरानें, थराथरानें भराव्या. गुळगुळीतपणा हें प्रतिकृतीचें ध्येय नव्हे. मूळ वस्तूशीं खरेपणा हें ध्येय आहे. जो शिक्षक किंवा विद्यार्थी दुसऱ्याचें वाक्य पुरें ऐकून घेतो, त्याच्या हातून चुकीची फट भरली जाण्याचा संभव कमी.

पालकांसही एक विनंति आहे. तयार प्रतिकृति बाजारांत विकत मिळतात, व परीक्षेच्या घाईंत त्या आणण्याचा मोह होतो. परंतु लांबी वाळेपर्यंत थांबणें, बाजूनें दिवा धरून आपलीच चूक शोधणें व तेंच काम पुनः करणें, हें विकत मिळत नाहीं. मुलांना खडू, तेल, पॉलिशपेपर आणि पुरेसे दिवस द्या. त्यांच्या कामांत फट दिसली, तर भरण्यास सांगण्यापूर्वीं ती त्यांनीं कां ठेविली आहे, एवढें अवश्य विचारा.